विमलासिस्टरचा हात

दहिसरच्या नाक्याअलीकडे एका ट्रस्टचं साठ खाटांचं इस्पितळ होतं, आणि त्यातला मुलांचा वॉर्ड विमला खरातच्या उजव्या हातावर चालतो असं आसपासच्या चाळींतल्या बायका म्हणत. डॉक्टरांना हे ऐकून राग यायचा. विमलालाही यायला लागला, पण तो पुढे, सत्त्याऐंशी साली. त्याआधी पाच-सहा वर्षं तिला ते ऐकून बरं वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटल्याचं तोंडावर दिसायचंही.

तान्ह्या पोराला जुलाब-उलट्या लागल्या की दोन दिवसांत त्याच्या अंगातलं पाणी जातं. हातापायांच्या शिरा आत बसतात आणि सलाइन लावायला डोकं तेवढं उरतं. कानाच्या वर, कपाळाच्या कडेला एक दोऱ्याएवढी शीर असते. डोक्याभोवती रबर बांधायचं, ब्लेडने तेवढ्या जागेचे केस काढायचे आणि बारीकशी सुई त्या शिरेत घालायची. पोर किंचाळत असतं, आई रडत असते, आणि सोबत आजी आलेली असली तर ती डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असते. शिकाऊ डॉक्टर तीन-तीन, चार-चार टोचे मारून घामाघूम व्हायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "विमलासिस्टरला बोलवा." विमला यायची, अंगठ्याने पोराचं कपाळ चाचपायची आणि पहिल्याच टोच्यात सुई आत.

आणखी एक भानगड होती जावळाची. पोराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं, आणि इथे तर एक अनोळखी बाई ब्लेड घेऊन समोर उभी. त्यावरून आया पोर उचलून चालायला लागायच्या. विमलाने यावर नोकरीच्या पहिल्याच वर्षी तोड काढली. काढलेले केस ती कचऱ्यात न टाकता कागदाच्या पुडीत बांधायची आणि आईच्या हातात द्यायची. "हे घ्या, जपून ठेवा. बाकीचं मामा काढेल, मी नुसती सुरुवात करून दिली." त्या पुडीने आईचे हात सैल पडायचे. आईचे हात सैल पडले की पोर जरा ढिलं पडतं, आणि ढिल्या पोराची शीर सापडते. विमलाचं गुपित म्हणाल तर एवढंच होतं, आणि बाकी सराव.

पण बायकांनी त्याला नाव दिलं हातगुण. आता हातगुण ही चीज अशी की ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत आणि एकदा चिकटली की धुऊन जात नाही. एकीने घातलेलं लोणचं वर्षभर टिकतं, दुसरीचं महिन्यात बुरसटतं, त्याला जसा इलाज नाही तसाच यालाही नाही. विमलाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिचे वडील अंबादास यांनी जालन्याकडच्या आपल्या गावात छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले टाक आणि ताईत नदीला दिले. मुलींना त्यांनी एकच शिकवलं होतं, की कारण विचारायचं, कारण सापडेपर्यंत हात जोडायचे नाहीत. अशा घरातली मुलगी नर्स झाली आणि तिच्याच हाताला बायका हात जोडायला लागल्या. विमला हसून म्हणायची, "अहो, प्रॅक्टिस आहे ती." बायकाही हसायच्या. गुणी माणसं असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

हातगुणाला रजा नसते. ड्यूटी संपवून ती साधी साडी नेसून निघाली की जिन्यात आया गाठायच्या. साप्ताहिक सुट्टीला इस्पितळाचा शिपाई चारकोपला येऊन दारात उभा राहायचा, "सिस्टर, एक पोर हाताला लागत नाहीये." चारकोपात तेव्हा नवीन सेक्टर पडत होते. विमला आणि तिचा नवरा शिवदास यांची बैठी खोली अजून अर्धी बांधायची होती, भिंतीला गिलावा नव्हता. त्या बिनगिलाव्याच्या भिंतीला टेकून शेजारपाजारच्या बायकाही पोरं घेऊन बसायला लागल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शिवदास मरोळच्या एका कारखान्यात मशीनवर होता. तो म्हणायचा, "विमल, दाराला पाटीच लाव आता. वेळ सकाळी सात ते मरेपर्यंत." तो हे गमतीत म्हणायचा. सुरुवातीला तीही हसायची.

मग तिचा अंगठा तिचं ऐकेनासा झाला. बसमध्ये शेजारच्या बाईच्या कडेवर मूल असलं की विमलाची नजर आधी त्याच्या कपाळाच्या कडेला जायची आणि अंगठा मांडीवर चाचपायला लागायचा. सात वर्षांच्या लताची वेणी घालताना कंगवा थांबायचा. "आई, काय शोधतेस?" लता विचारायची. एकदा हे तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विमलाने तिच्या पाठीत धपाटा घातला. लता रडली नाही, नुसती वळून बघत राहिली. विमला जेवायला बसली की चारदा उठायची, मीठ आणायला, पाणी आणायला, काहीच न आणायला. रस्त्यात कोणी "सिस्टर" म्हटलं की ती जागीच थांबायची. मागे वळून बघावं तर कोणीतरी दुसऱ्याच कोणाला हाक मारलेली.

सगळ्यात वाईट गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. त्या वर्षी एप्रिलात वॉर्डात सात पोरं गेली. पाण्याची बोंब होती, टँकरचं पाणी पिऊन चाळीच्या चाळी आजारी पडत होत्या, एका खाटेवर दोन-दोन पोरं निजवली होती. पूर्वी पोर गेलं की विमला औषधांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं रडून यायची. सातवं पोर गेलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, चार नंबरची खाट मोकळी झाली. आपण असा विचार केला हे तिला चादर बदलताना कळलं, आणि ती चादर हातात धरून तिथेच उभी राहिली. स्वतःची इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

वॉर्डाच्या डॉक्टर अनुपमा वयाने लहान, पण स्वभावाने बऱ्या होत्या. विमलाने त्यांना सांगितलं, "मॅडम, मला हल्ली बरं नसतं. काय होतं ते सांगता येत नाही." त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि टॉनिक लिहून दिलं. मोठ्या सिस्टरकडे तिने महिनाभर दुसरा वॉर्ड मागितला. त्या तर हसल्याच. "तुला हलवू? बायका माझी वाट लावतील, वेडे!" विमला टॉनिक पीत राहिली.

मे महिन्यातला मंगळवार होता. विमलाची दोन ते नऊची पाळी. बस वेळेवर आली, एक पस्तीसला ती इस्पितळासमोरच्या स्टॉपवर उतरली. रस्ता ओलांडायचा, गेटातून आत जायचं, युनिफॉर्म चढवायचा आणि वॉर्डात जायचं. रोजचंच काम. ती स्टॉपच्या बाकावर बसली. दोन मिनिटं बसू, म्हणाली स्वतःशी.

दोन मिनिटांची दहा झाली. पाय दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, डोकं चढलं नव्हतं. ज्याला औषध असतं असं काहीच होत नव्हतं. फक्त उठवत नव्हतं. एक बस आली, कंडक्टरने दांडा धरून विचारलं, "बाई, चढणार का?" तिने मान हलवली. पर्सच्या बंदाला गाठ मारली, सोडली, परत मारली.

समोर इस्पितळाच्या गेटात एक बाई उभी होती. पदराखाली पोर. उन्हाने डोळे बारीक करून ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होती, येणाऱ्या प्रत्येक बाईला न्याहाळत होती. ती कोणाची वाट बघतेय हे विमलाला कोणी सांगायला नको होतं. त्या उभं राहण्याची तिला सवय होती. तिला त्या बाईचा राग आला, अगदी मनापासून राग आला. आत डॉक्टर आहे, नर्स नलिनी आहे, सगळं आहे. जा ना आत, बाई. जा ना. माझ्यासाठी का उभी आहेस? मी काय तुझं कर्ज खाल्लंय? दोन वाजून गेले. पाच मिनिटांत उठते, विमला म्हणाली, आणि अडीच झाले.

आत काय झालं होतं ते तिला नंतर कळलं. बाईचं नाव सुंदराबाई, दहिसर नदीकाठच्या चाळीतली. आठ महिन्यांचा मुलगा घेऊन बारा वाजता आली होती. डॉक्टर अनुपमांनी कपाळाशी एक टोचा मारला, तो हुकला, रक्त आलं. सुंदराबाईने टेबलावरून पोर ओढून घेतलं. "विमलाबाई कधी येतात?" वॉर्डातली आयाबाई म्हणाली, दोनला. डॉक्टर ओरडल्या, "अहो, दोनपर्यंत थांबायला वेळ नाहीये!" पण तेवढ्यात दुसऱ्या खाटेवर एका मुलीला आकडी आली आणि त्या तिकडे धावल्या. नर्स नलिनी दोनदा गेटापर्यंत गेली, बाईचा दंड धरून ओढला. सुंदराबाई म्हणाली, "येतीलच आता. एवढा वेळ थांबले, अजून जरा." चाळीतल्या बायकांनी तिला बजावून पाठवलं होतं, की दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस.

दोन चाळीसला सुंदराबाई गेटात मटकन खाली बसली. तेव्हा विमला उठली. धावतच रस्ता ओलांडला, धावतच कपडे बदलले, आणि मुलगा टेबलावर आला तेव्हा तिने अंगठा लावला. पहिल्या टोच्यात सुई आत गेली. भोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, बघा म्हटलं नव्हतं का? सलाइन थेंब थेंब चालू झालं. मुलगा सव्वापाचला गेला.

सुंदराबाई रडताना विमलाचाच हात धरून रडत होती. "तुमचा हात लागला म्हणून अडीच तास तरी राहिला माझा." बाकीच्या आया तिला समजावत होत्या, "तू उशिरा आणलंस गं. यांची पाळी बघून यायचं असतं." विमलाच्या हातावर त्या बाईचं कपाळ टेकलेलं होतं आणि विमलाला हात काढून घेता येत नव्हता.

त्या आठवड्यात आया आधी पाळ्यांची चौकशी करून मगच पोरं आणायला लागल्या.

मोठ्या सिस्टरना तिने सांगितलं, "त्या दिवशी मी चाळीस मिनिटं लेट होते. लिहा." त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत एकदा! मी काय सैतान आहे? जा, काम कर." डॉक्टर अनुपमांना तिने खरं ते सांगितलं, स्टॉपवर बसले होते म्हणून. त्या बेसिनपाशी हात धूत होत्या. "पोर आलं तेव्हाच अर्धं गेलेलं होतं, विमला."

"दोन वाजता सलाइन लागलं असतं तर?"

डॉक्टरांनी नळ बंद केला, परत सोडला, परत हात धुतले. "बारा वाजता मला ते लावता आलं असतं तर?" त्या म्हणाल्या. "तूही थकलीस, मीही थकले. हे नको विचारूस यार, प्लीज."

म्हणजे तिची चूक घ्यायला कोणीच तयार नव्हतं. मग सुट्टीच्या दिवशी, शिपाई बोलवायला यायच्या आत, विमला घरातून निघाली आणि विचारत विचारत नदीकाठची चाळ गाठली. सुंदराबाई दारात भांडी घासत होती. ती चटकन उठली, हात पुसले, विमलाला सतरंजीवर बसवलं, स्टोव्हला पंप मारून चहाचं आधण ठेवलं. "सिस्टर, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

विमलाने सांगून टाकलं. एका दमात, खाली बघत. स्टॉपवर बसले होते. तुम्ही गेटात उभ्या होतात ते दिसत होतं. एक तास बसले होते.

सुंदराबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "निळ्या साडीतली बाई? बाकावर?"

"हो."

"मी बघितलं की तुम्हाला. तुमचं तोंड माहीत नव्हतं मला. म्हटलं, ही पण बिचारी कोणाची तरी वाट बघतेय." ती थांबली. "उठला का नाहीत?"

"उठवेना."

"काय दुखत होतं?"

"काही नाही."

सुंदराबाईने स्टोव्हची हवा सोडली. स्टोव्ह सुस्कारत विझला, आधण अर्धवट राहिलं. "ती डॉक्टरीणबाई सुई घेऊन समोर उभी होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिच्या हातातनं मी पोर ओढलं. मी. तुमच्या नावानं. आणि तुम्ही आता हे मला सांगायला आलात. का? तुम्हाला हलकं वाटेल म्हणून? मला सांगून माझं काय होणार आहे?"

"तुम्ही मला बोला. काहीही बोला."

"बोलून दमले मी. त्या बायकांना सांगा ना, वॉर्डातल्या. उद्या अजून कोणी बसेल त्या गेटात." तिने दाराकडे हात केला. "जावा आता तुम्ही."

विमलाला रस्त्यात रडू आलं. किती महिन्यांनी आलं! नदीच्या कठड्याला धरून ती रडली, आणि रडताना तिला बरंही वाटलं, ते तिला आवडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने वॉर्डाच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. मी बाहेर बसले होते, मला दिसत होतं, तरी मी आले नाही. माझ्यासाठी कोणी थांबू नका. डॉक्टर सुई लावते म्हणाली की लावू द्या. बायकांनी कान देऊन ऐकलं. मग एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "किती मोठं मन बाईचं! कोण सांगतं गं असं, चारचौघांत?" दुसरी म्हणाली, "माणूस आहे, थकणारच. देवालासुद्धा शेजारती लागते." तिसरीने तर विमलाला स्टुलावर बसवलं आणि तिचे पाय चेपायला घेतले. विमलाने पाय ओढून घेतले तरी ती सोडेना. "तुम्ही निवांत बसा, सिस्टर. घाई करू नका. आम्ही थांबतो."

आम्ही थांबतो! विमलाला ओरडावंसं वाटलं. जे सांगितलं ते खरं होतं आणि खऱ्यानेच तिची मूर्ती आणखी फूटभर उंच केली होती. वडील कारण विचारायला शिकवून गेले होते. कारण सांगितल्यावर समोरचा पाया पडायला लागला तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं होतं.

दहा दिवसांनी पुन्हा तसाच प्रसंग आला. विमला पाळीवर आली, आत पाय टाकला तर टेबलाशी झटापट चाललेली. वर्षभराची मुलगी, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. नलिनी सुई घेऊन उभी, आणि मुलीच्या आईने मुलीला छातीशी घट्ट धरलेलं. विमलाला बघताच त्या बाईने मुलगी पुढे केली. "आल्या! आल्या बाई! मी म्हटलं ना, येतील!"

विमला दोन पावलांवर होती. अंगठा आपोआप उचलला गेला. एक टोचा, आणि मुलगी वाचेल. आणि उद्या या बाईच्या तोंडून ऐकून आणखी चारजणी गेटात उभ्या राहतील. विमलाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"मी नाही लावणार," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या हाताचा गुण गेलाय."

बायका खाटांवरून उठून पुढे आल्या.

"सुंदराबाईचं पोर कोणाच्या हाताखाली गेलं? माझ्या. एप्रिलात सात गेली, त्यांना सुई कोणी लावली होती? विचारा कोणालाही. साती जणांना मीच लावली होती." यातला शब्द न् शब्द खरा होता. ज्या वॉर्डात प्रत्येक पोराला सुई विमलाच लावायची तिथे जगलेली तिच्या हातची आणि गेलेलीही तिच्याच हातची. पण हे कारण तिने सांगितलं नाही. "हात उलटलाय माझा. मलाही मुलगी आहे, म्हणून सांगते. तुमची पोरगी माझ्या हाताखाली देऊ नका. नलिनीकडे द्या. तिचा हात नवा आहे, चांगला आहे."

बाईने मुलगी परत ओढून घेतली, या वेळी विमलापासून. विमलाने ते पाहिलं. मग हळूहळू ती बाई नलिनीकडे वळली.

नलिनी मालवणकडची, नोकरीला दोन वर्षं झालेली. घाबरली की तिच्या तोंडून गावची बोली निघायची. "सिस्टर, माका जमाचा नाय," ती पुटपुटली. "तुमच्यासारखो हात माझो नाय."

"डोळ्याने शोधू नकोस. अंगठा ठेव. थांब. लागतंय का काही, दोऱ्यासारखं?"

"नाय."

"कानाकडे सरक."

पहिला टोचा हुकला. आईच्या तोंडून हुंदका फुटला. विमलाच्या पाठीमागे तिचा उजवा अंगठा डाव्या तळहातात रुतला होता. जाऊन सुई हिसकावून घ्यावी, दोन सेकंदांचं काम. मुलगी मेली तर? आपण हे काय मांडलंय, एका पोरीच्या जिवावर? डॉक्टर अनुपमा दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या पुढे येत नव्हत्या.

"घाई नको," विमला म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला. "बाई, तुम्ही हात सैल सोडा. नलिनी, परत बघ."

"हां," नलिनी म्हणाली. "हां, लागता. लागता हा."

दुसऱ्या टोच्यात नळीत रक्ताचा लाल थेंब दिसला. मुलगी तिसऱ्या दिवशी भात खायला लागली, आणि हातगुण दुसऱ्या घरी राहायला गेला.

बातमी बोरिवलीपर्यंत पोचायला आठवडा लागला नसेल. चारकोपच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या बायका कमी झाल्या, मग यायच्या बंदच झाल्या. शिवदासला हे मरोळच्या कँटीनमध्ये कळलं. तो घरी येऊन चप्पलही न काढता म्हणाला, "हात उलटला म्हणालीस? तू? अंबादासबाबांची मुलगी?"

"खरं सांगून बघितलं आधी."

"मग?"

"मग पाय चेपायला लागल्या."

शिवदासला हसू आलं आणि मग ते मावळलं. त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि सोडून दिला. विमला बाजूला जाऊन चहा टाकू लागली. सुट्ट्या आता तिच्या होत्या. जेवताना ती उठत नसे. लताची वेणी एका दमात घालून व्हायची. एवढं सगळं सुटल्यावर माणसाने खूश व्हायला हवं. ती होतीही, दुपारपर्यंत. मग पाळीवर जायची वेळ व्हायची.

नलिनीचा हात सहा महिन्यांत तयार झाला, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघींचा, कारण आता पोर कोणाच्या हातात द्यायचं यावर बायकांचं एकमत उरलं नव्हतं. गेटात कोणी उभं राहत नव्हतं. डॉक्टरने सुई उचलली की आया निमूट पोर पुढे करायच्या. विमला औषधं वाटायची, ताप बघायची, बाटल्या बदलायची, आणि खाटेजवळून जाताना बायका पोरांना जरा पलीकडे सरकवायच्या. उगाच कोणाचं मन दुखवायला नको म्हणून हळूच सरकवायच्या.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सहा नंबरच्या खाटेवर एक पोर रडून हात झाडत होतं. कपाळावरची पट्टी सुटली होती आणि सुई निसटायला आली होती. विमला सर्वांत जवळ होती. ती वाकली आणि नुसती पट्टी दाबून धरायला हात पुढे केला. पोराच्या आईने झटकन पदर त्याच्या डोक्यावर ओढला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला.

"नको सिस्टर," ती खालच्या आवाजात म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही नका हात लावू."

"पट्टीच दाबतेय फक्त. सुई निघेल."

"निघू दे. नलिनीताईंना बोलवा ना."

विमलाने हात मागे घेतला. तिने हेच मागितलं होतं आणि अगदी तसंच मिळालं होतं. तरी तिला खाटेचा दांडा धरावा लागला. मग तिने वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "नलिनी, सहा नंबर! लवकर ये!" आणि पाऊलभर मागे सरकून उभी राहिली. नलिनी येऊन खाटेशी वाकली, तेव्हाच त्या बाईने पोराच्या डोक्यावरचा पदर काढला.